एका कार्डावरच्या चार तारखा

स्टुटगार्टच्या आसपास भारतातून नव्याने येणाऱ्यांची कागदपत्रं मार्गी लावणं हे माझं काम. आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंदणी, विमा, बँक आणि शेवटी लायसन्स. लायसन्सचं काम सगळ्यात सोपं असेल असं प्रत्येकाला वाटतं. 'नुसतं बदलून घ्यायचंय ना?' हा प्रश्न मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते.

नुसतं बदलून मिळत नाही. जर्मनीच्या लायसन्स नियमावलीला जोडलेल्या अकराव्या परिशिष्टात देशांची यादी आहे. त्या यादीतल्या देशांचं लायसन्स परीक्षेशिवाय किंवा निम्म्या परीक्षेवर बदलून मिळतं. भारत त्यात नाही. त्यामुळे भारतीय लायसन्सवर इथे नोंदणी झाल्यापासून सहा महिने गाडी चालवता येते आणि पुढे लेखी व प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. सवलत एकच, पण मोठी: ड्रायव्हिंग स्कूलचे सक्तीचे तास माफ. अगदी नव्याने शिकणाऱ्याला नव्वद मिनिटांचे चौदा वर्ग, शिवाय गावाबाहेरच्या रस्त्यावर पाच, आउटोबानवर म्हणजे द्रुतगती महामार्गावर चार आणि अंधारात तीन अशा बारा सक्तीच्या फेऱ्या कराव्या लागतात. पैशांत मोजलं तर ही सवलत हजार युरोंच्या वर जाते.

त्या दिवशी लायसन्स कार्यालयाच्या काउंटरवर हीच सवलत हातची जाता जाता वाचली.

मुलगा पुण्याचा, वाकडला राहणारा, इथे गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये. फाइल व्यवस्थित लावलेली: अर्ज, पासपोर्ट, नोंदणीचा दाखला, बायोमेट्रिक फोटो, चष्म्याच्या दुकानातून 6.43 युरोत करून आणलेली डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराच्या नऊ तासिकांचं प्रमाणपत्र, मूळ कार्ड आणि त्याचं जर्मन भाषांतर. काउंटरवरच्या बाईंनी भाषांतर उचललं, एका ओळीवर पेन टेकवलं आणि नोंदणीचा दाखला शेजारी ठेवला. नोंदणी 12 जून 2023. लायसन्स दिल्याची तारीख 26 सप्टेंबर 2023.

"हे लायसन्स काढलं तेव्हा तुम्ही जर्मनीत राहत होतात."

एवढंच वाक्य. त्याचा अर्थ मला कळला, त्याला नाही. जर्मनीचा रहिवासी असताना परदेशात काढलेलं लायसन्स इथे धरलंच जात नाही. तासांची सवलत तर जातेच, पण आजवर त्यावर गाडी चालवली असेल तर ते विनापरवाना ठरतं, आणि विनापरवाना वाहन चालवणं हा इथे पावती फाडून सुटायचा मामला नाही. तो फौजदारी गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. आणि हा पठ्ठ्या डिसेंबरपर्यंत शेअरिंगची गाडी चालवत होता.

"पण ताई, माझं लायसन्स 2011 चं आहे," तो मराठीत माझ्याकडे वळून म्हणाला.

घडलं होतं असं. त्याचं जुनं स्मार्टकार्ड पाकिटात घासून पुसट झालं होतं. भाषांतर करणाऱ्याला नीट वाचता यावं म्हणून गणपतीला घरी गेला तेव्हा त्याने खराब झालेल्या कार्डाच्या बदल्यात नवीन काढलं. म्हणजे नीटनेटकेपणाच अंगाशी आला. नव्या कार्डावर जन्मतारीख सोडून चार तारखा असतात. पुढच्या बाजूला 'इश्यू डेट', ही ते कार्ड निघाल्याची. तिथेच 'व्हॅलिडिटी', म्हणजे मुदत. त्याच बाजूला बारीक अक्षरांत 'डेट ऑफ फर्स्ट इश्यू', ही खरी, पहिल्यांदा लायसन्स मिळाल्याची. आणि मागच्या तक्त्यात एलएमव्ही (हलकं मोटार वाहन), एमसीडब्ल्यूजी (गिअरची मोटारसायकल) अशा प्रत्येक वाहनप्रकारासमोर तो प्रकार मिळाल्याची तारीख. भाषांतरात पहिल्या दोनच आल्या होत्या. मागच्या तक्त्यातले प्रकार उतरवले होते, त्यांच्यासमोरच्या तारखा गाळल्या होत्या.

मी मूळ कार्ड काचेखालून सरकवलं आणि 2011 जिथे जिथे दिसतं त्या तिन्ही जागा बोटाने दाखवल्या. तिसरी जागा लायसन्सच्या क्रमांकात होती: एमएच 12, पुढे 2011, मग सात आकडे. एमएच 12 म्हणजे पुणे, आणि त्यानंतरचे चार आकडे म्हणजे पहिल्यांदा लायसन्स मिळाल्याचं वर्ष. कार्ड कितीदाही बदला, क्रमांक तोच राहतो. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, दुसऱ्या टेबलावरच्या सहकाऱ्याला दाखवून आल्या आणि म्हणाल्या, भाषांतरात जे लिहिलंय तेच मला धरावं लागतं, दुरुस्त करून आणा. त्यांचं बरोबर होतं. इंग्रजी त्यांना येत होतं, पण फाइलला जोडला जाणारा कागद जर्मनच असतो.

दोन गोष्टी केल्या. भाषांतरकाराकडून सगळ्या तारखांसकट, दोन्ही बाजू ओळीला ओळ लावून, नवं भाषांतर शिक्क्यासह घेतलं. आणि भारतातल्या परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवरून लायसन्सच्या एक्स्ट्रॅक्टसाठी अर्ज टाकला. एक्स्ट्रॅक्ट म्हणजे आरटीओच्या नोंदवहीतला उतारा, त्यात लायसन्स पहिल्यांदा कधी मिळालं आणि पुढे काय काय बदललं ते येतं. भाषांतरानेच काम झालं, उतारा लागला नाही. तरी तो हाताशी असावा या मताची मी आहे. भारतात असतानाच काढला तर उत्तम. आणि कार्ड बदलायचंच असेल तर ते विमानात बसण्याआधी बदलावं.

पहिल्या तारखेचा आणखी एक फायदा लोकांना माहीत नसतो. नव्या चालकाला इथे दोन वर्षांचा परीक्षाकाळ असतो: दारूचा थेंबही चालत नाही, आणि मोठी चूक झाली तर तो काळ आणखी दोन वर्षांनी वाढतो. परदेशातलं लायसन्स मिळाल्यापासूनचा काळ त्यात धरला जातो. 2011 धरलं तर हा परीक्षाकाळ केव्हाच संपलेला. 2023 धरलं असतं तर नुकताच सुरू झालेला.

पुढचं सरळ. लेखी परीक्षेत तीस प्रश्न, जास्तीत जास्त दहा चूक-गुण चालतात. मात्र पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले तर दहाच होऊनही नापास. भाषा इंग्रजी घेता येते. हिंदी नाही, मराठी तर नाहीच. हुशार माणसं इथे अति आत्मविश्वासाने जातात आणि ब्रेकिंगचं अंतर मोजण्याच्या सूत्रांवर अडकतात.

प्रत्यक्ष परीक्षा एकूण 55 मिनिटांची. गाडी ड्रायव्हिंग स्कूलची, शेजारी दुहेरी पेडलवर शिक्षक, मागे परीक्षक. शिक्षकाने ब्रेकला पाय लावला की खेळ खलास. तास सक्तीचे नसले तरी सहा-सात घ्याच, असं मी प्रत्येकाला सांगते. कारणं साधी आहेत. वॅगन-आरवर हात बसलेल्या माणसाचा इंडिकेटर उजव्या हाताला असतो, इथे डाव्या. पहिले दोन तास प्रत्येक वळणावर वायपर फिरतात. लेन बदलताना मान वळवून खांद्यावरून मागे बघायचं, नुसत्या आरशावर भागत नाही. उजवीकडे वळताना सरळ जाणाऱ्या सायकलवाल्यासाठी थांबायचं. स्टॉपच्या पाटीशी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, रांगत पुढे गेलात तर संपलं.

आणि 'रेष्ट्स फोर लिंक्स'. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट. ताशी तीस किलोमीटरच्या झोनमध्ये, स्टुटगार्टच्या चढउतारांच्या गल्ल्यांत, दर पन्नास मीटरवर असा चौक येतो. गंमत म्हणजे आपल्याकडच्या 1989 च्या रस्ता-नियमांतही हेच लिहिलं होतं: मुख्य रस्ता नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. ते कोथरूडच्या एका तरी चौकात पाळलेलं कुणी पाहिलंय का? आमचा हा वाकडचा मुलगा पहिल्यांदा त्यातच नापास झाला. उजवीकडच्या गल्लीतून डिलिव्हरीची व्हॅन आली आणि शिक्षकाने ब्रेक दाबला. परीक्षा बाराव्या मिनिटाला संपली. पुन्हा बसायला किमान दोन आठवडे थांबावं लागतं. दुसऱ्यांदा तो पास झाला. परीक्षा मॅन्युअल गाडीवर दिली हे बरं केलं. मॅन्युअलच्या वेगळ्या प्रशिक्षणाशिवाय ऑटोमॅटिकवर दिली असती तर कार्डावर 78 हा आकडा आला असता, आणि मग भाड्याने मॅन्युअल गाडी घेता येत नाही.

जर्मन कार्ड हातात देताना कार्यालय भारतीय कार्ड काढून घेतं. ज्या देशांशी करार आहे त्यांची कार्डं परत पाठवतात, बाकीची सांभाळून ठेवतात. पुढे कधी जर्मन कार्ड परत दिलंत तर जुनं परत मिळतं. याच क्षणी कुणीतरी हळूच विचारतं, "हरवलं म्हणून पुण्यात दुसरं काढलं तर?" मुळीच नको. तिथे हरवल्याचं खोटं लिहून द्यावं लागतं, आणि नव्या तारखेचं आणखी एक कार्ड तयार होतं. भारतातलं लायसन्स रद्द झालेलं नसतं. डिजिलॉकरमधली प्रत तिथे ग्राह्य आहे. फक्त आधारला जोडलेला भारतीय मोबाइल नंबर चालू ठेवा, नाहीतर ओटीपी येणार कुठे?