सगळं 'लो' करूनही

"दादा, ग्राफिक्स सेटिंगमधलं सगळं लो केलंय. याच्या खाली आता काही उरलेलंच नाही, तरी गेम अडकतोच." संगणकाचं कॅबिनेट टेबलावर टेकतं न टेकतं तोच त्या मुलाने सांगून टाकलं. मागून त्याची मोठी बहीण आली, ती आपली वेगळीच तक्रार घेऊन. "याने गेमची पार रया घालवलीय. सावल्या गेल्या, पाण्यातलं प्रतिबिंब गेलं. झाडं जमिनीला टेकलेलीच वाटत नाहीत."

मशीन एक, खेळणारे दोघं. त्याला समोरचा दिसताक्षणी नेम धरायचा असतो, तिला डोंगरमाथ्यावर उभं राहून सूर्यास्त बघायचा असतो. मी संगणक दुरुस्त करतो, भावंडांची भांडणं मिटवत नाही, असं मनात म्हणत मी स्क्रू काढायला घेतले.

इथे माझं चुकलं. बरीच वर्षं एकच काम केलं की हात डोक्याच्या आधी चालायला लागतात. ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यांवर धुळीचा नमदा बसला होता, तापमान ८४ अंशांवर जात होतं. म्हटलं, सापडला चोर. ब्लोअर मारला, कार्ड उघडून उष्णता वाहून नेणारी जुनी वाळकी थर्मल पेस्ट पुसली, नवी लावली. तापमान ७१ वर आलं. मोठ्या ऐटीत गेम सुरू केला आणि पहिल्याच वळणावर तोच झटका. दोन तास गेले होते. मुलगा काही बोलला नाही, हे त्याचे उपकार.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं: गेम चालू असताना कोण किती राबतंय हे दाखवणारे आकडे पडद्याच्या कोपऱ्यात लावले. ७१ एफपीएस, म्हणजे सेकंदाला ७१ फ्रेम, ७१ चित्रं. ग्राफिक्स कार्ड ५२ टक्के. प्रोसेसर ३८ टक्के.

"बघा, दोघंही निवांत बसलेत," मुलगा म्हणाला.

तो ३८चा आकडा भल्याभल्यांना फसवतो. ती सगळ्या कोअरची, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सुट्या कामकऱ्यांची, सरासरी असते. एकेक कोअर सुटा करून पाहिला, तर बाकीचे आरामात आणि एकटा जवळजवळ शंभरावर. गेमचं मुख्य काम बहुतेक वेळा एकाच धाग्यावर (थ्रेडवर), म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर, चालतं, आणि तो थकला की बाकीच्यांच्या रिकामपणाचा उपयोग नसतो. मी त्याला असं सांगितलं: कार्ड हा चित्रकार. पण कुठे काय काढायचं, कोण कुठून कुठे चाललंय, हे प्रत्येक फ्रेमला प्रोसेसर सांगतो. इथे सांगणाऱ्याचा घसा बसलाय आणि तू चित्रकाराचे रंग कमी करत बसलायस.

पटलं नसावं. म्हणून करून दाखवलं. सावल्यांची प्रत दोन पायऱ्या वर, प्रतिबिंबं चालू, प्रकाशयोजना हाय. "दादा, तुम्ही उलटं करताय," तो म्हणाला. कार्ड ५२ वरून ६८ टक्क्यांवर गेलं. एफपीएस ७१ वरून ६९. बस, दोनच. बहीण पडद्याजवळ सरकली. झाडं जमिनीवर आली होती. सावल्यांचं अंतर मात्र मी वाढवलं नाही. प्रतीचा भार मुख्यतः कार्डावर पडतो, पण अंतर वाढवलं की लांबच्या वस्तूही सावलीसाठी पुन्हा मोजाव्या लागतात आणि तो भार परत प्रोसेसरच्या डोक्यावर.

आता घसा बसवणारं कोण? ग्राफिक्सचं पान सोडून शेजारच्या पानावर गेलो, तर तिथे दोन स्लायडर टोकाला: रस्त्यावरची गर्दी आणि दृश्याचं अंतर. 'लो'चं तयार बटण दाबलं की सगळं खाली येतं असा आपला समज असतो. या गेममध्ये ते बटण या दोघांना हातच लावत नव्हतं. दोन्ही मध्यावर आणले. ९२ एफपीएस, कार्ड ९१ टक्के. कार्ड शेवटी कामाला लागलं.

पण मान वळवली की बसणारा झटका तसाच, उलट सावल्या वाढवल्यावर जरा जास्तच. एफपीएसचा आकडा अशा वेळी काही सांगत नाही, कारण एका सेकंदात ९० फ्रेम वेळेवर आल्या आणि एक रखडली तरी सरासरी छान दिसते. फ्रेमला लागलेल्या वेळाचा आलेख लावला. ११ मिलिसेकंदांची सपाट रेघ, आणि प्रत्येक वळणावर ७० पर्यंत उभा सुळका. कार्डाची ६ जीबी मेमरी काठोकाठ भरलेली. टेक्स्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेली चित्रं, अल्ट्रावर!

"सगळं लो केलंय म्हणालास ना?"

"केलं होतं," तो म्हणाला, आणि बहिणीकडे पाहिलं.

"तेवढं एक मी परत वर करायचे," ती म्हणाली. "भिंती चिखलासारख्या दिसायच्या."

तिचंही चूक नव्हतं. मेमरीत मावत असेल तर टेक्स्चर हे जवळजवळ फुकट मिळणारं सौंदर्य आहे, मी ते कधी शेवटपर्यंत खाली आणत नाही. पण मावलं नाही की उरलेला माल संगणकाच्या रॅममध्ये जातो. कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला शेकडो जीबी पुरवते. कार्ड ज्यात बसतं त्या यांच्या तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेस खाचेतून, सोळाही लेन (वाटा) धरून, जेमतेम १६ येतात. एक पायरी खाली, हाय. मेमरी ५.१ वर, सुळके गायब. भिंतीजवळ नाक लावून दोघांनी फरक शोधला. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सापडला नाही.

राहिली एक मर्यादा. घरचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ फेऱ्यांत चित्र ताजं करणारा, पण फ्रेमशी जुळवून घेणारा नव्हे. एफपीएस ७६ ते १०८ मध्ये हेलकावे खात होते. मी ७२ वर बांधले.

"अहो, ९२ मिळत होते की!"

१४४ च्या निम्मे ७२. प्रत्येक फ्रेम बरोबर दोन फेऱ्या पडद्यावर राहते, कधी एक कधी दोन असं होत नाही. डोळ्याला सारखं कमी-जास्त होणं खुपतं, नुसतं कमी असणं तितकं खुपत नाही. हे बोलून पटवण्यापेक्षा माउस त्याच्या हातात दिला. तो पाच मिनिटं खेळला आणि आकड्याकडे बघायचं विसरला. तरी त्याच्यासाठी वेगळी प्रोफाइल ठेवलीच: मर्यादा नाही, मोशन ब्लर (हलताना येणारा धूसरपणा) बंद, गर्दी अजून कमी. नेमबाजाला माउसचा प्रतिसाद लवकर हवा असतो, तिथे माझी आवड चालवून उपयोग नाही.

बिल करताना अडलो. 'केलेले काम' या रकान्यात काय लिहायचं? गर्दी निम्मी केली? सावल्या दोन पायऱ्या वर, भिंती एक पायरी खाली? सुटा भाग एकही बदलला नव्हता. शेवटी 'साफसफाई व थर्मल पेस्ट' लिहिलं. म्हणजे त्या दिवसातलं नेमकं तेच, ज्याने त्या झटक्यांवर कणभरही फरक पडला नव्हता.