परभणीहून वंडरला, इन्सुलिनसकट

परीक्षा संपली की हैदराबादच्या वंडरला थीम पार्कात जायचं, हे आमच्या लेकीनं, मनूनं, दिवाळीतच आमच्याकडून कबूल करून घेतलं होतं. आम्हा परभणीकरांना तसंही मुंबई-पुण्यापेक्षा हैदराबाद जवळचं. लग्नाची खरेदी असो की मोठा दवाखाना, पाय तिकडेच वळतात. रविर्यालचं हे पार्क 2016 मध्ये सुरू झालं आणि मनूच्या वर्गातली बरीच पोरं एव्हाना जाऊन आलेली. प्रश्न एवढाच की मनूला टाइप 1 डायबेटिस आहे.

“एवढ्याशा लेकराला शुगर? गोड लई खायची का?” हे आम्ही प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात ऐकतो. गोड खाण्याशी याचा संबंध नाही. शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते, मग ते बाहेरून टोचावं लागतं. रात्री एक लांब पल्ल्याचं, आणि प्रत्येक जेवणाआधी एक झटपट लागू होणारं. टोचलं जास्त आणि खाल्लं कमी, किंवा टोचल्यावर हुंदडणं जास्त झालं, की साखर धाडकन खाली येते. थीम पार्कात दिवसभर हुंदडणंच असतं.

तयारीची रंगीत तालीम फेब्रुवारीत झाली, आमच्या उरुसात. सय्यद शाह तुराबुल हक साहेबांचा उरूस म्हणजे परभणीचं जुनं थीम पार्कच म्हणा ना. आकाशपाळणे, मौत का कुआँ, मीनाबाजार आणि धुळीत मिसळलेला भज्यांचा वास. तिथं ब्रेक डान्समध्ये बसून उतरल्यावर मनूची साखर तपासली तर मीटरवर 342. मी हबकले. तिचे बाबा इन्सुलिन टोचायचं पेन काढायला लागले. तेवढ्यात पोरगीच म्हणाली, “थांबा ना, बुढी के बाल खाल्लेत मी.” बोटं गुलाबी, चिकट. बाटलीतल्या पाण्यानं धुतली, रुमालानं कोरडी केली, दुसरं बोट टोचलं. 148. बोटावरची साखर रक्ताच्या थेंबात उतरते आणि मीटर बिचारं ती इमानदारीनं मोजतं. त्या 342 वर इन्सुलिन दिलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार नको. तेव्हापासून पिशवीत साध्या पाण्याची एक वेगळी बाटली असते, फक्त बोटं धुवायला. सॅनिटायझर नाही, पाणी.

उरुसात आणखी एक कळलं, आणि पुढचं सगळं नियोजन त्यावरच बेतलं. पाळण्यात काही होत नाही, होतं ते रांगेत. पाळणा दोन-चार मिनिटांचा. त्या आधीचं उभं राहणं, ऊन, धक्काबुक्की, लांबलेलं जेवण, साखर त्यात घसरते. ओळखीचे लोक विचारत राहिले, “रोलर कोस्टर झेपेल का तिला?” आमच्या डॉक्टरांना मात्र रोलर कोस्टरचं काही वाटलं नाही. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की ती दुपारी जेवणार किती वाजता. मग दुपारचा डोस किती कमी करायचा ते लिहून दिलं, राइडला बसताना साखर 120 च्या वर असावी असं तिच्यापुरतं ठरवून दिलं, आणि सुया-पेन सोबत बाळगण्याची गरज असल्याची चिठ्ठी लेटरहेडवर दिली. हे आकडे मनूचे आहेत. तुमच्या लेकराचे तुमच्या डॉक्टरांकडून घ्या.

आता उन्हाचं. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवायचं, वापरातलं पेन साधारण 30 अंशांखाली महिनाभर चालतं, असं कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद लिहिणाऱ्यानं आमचा एप्रिल बघितलेला दिसत नाही. पारा चाळिशी ओलांडून बसलेला आणि वीज आपल्या मर्जीनं येणार-जाणार. घरी आम्ही दोन माठांची सोय केलीय. मोठ्या माठात लहान मडकं, मधल्या जागेत ओली वाळू, आत प्लॅस्टिकच्या पिशवीत पेनं, वर ओलं फडकं. प्रवासात माठ कुठं न्यायचा? त्यासाठी पाण्यात भिजवायचं पाऊच मिळतं. आतले दाणे पाणी पिऊन फुगतात, ते पाणी हळूहळू उडत राहतं आणि आतलं पेन थंड राहतं. घरच्या कूलरचं गणितच ते, म्हणून आपल्या कोरड्या हवेत झकास चालतं. पुष्कळ लोक थर्मासमध्ये बर्फ घालून नेतात. बर्फाला पेन चिकटलं आणि इन्सुलिन गोठलं, तर वितळल्यावरही ते कामाचं राहत नाही. दिसायला मात्र कधीकधी जसंच्या तसं दिसतं, धोका तोच.

देवगिरी एक्स्प्रेसनं निघालो. सोबत धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही आणि आजी. आजीला नेण्यामागे माझा स्वार्थ होता: कुणीतरी सावलीत पिशवी घेऊन बसणारं हवं होतं. लॉकरमध्ये इन्सुलिन ठेवणं मला पटत नाही. लॉकर कुठं असेल, किती तापेल, आणि गरज पडली की किल्ली कुणाकडे असेल, कोण सांगणार? त्यापेक्षा माणूस बरा. धपाट्यांचंही तसंच. आमच्या घरचा एक धपाटा खाल्ला की मनूला इन्सुलिनचे किती युनिट लागतात हे आम्हाला पाठ आहे. फूड कोर्टातल्या नूडल्सचा नुसता अंदाज.

पण आजीची तयारी करून घ्यायला सगळ्यात जास्त वेळ लागला. तिच्या मते शुगरवाल्याला साखर म्हणजे विष. साखर 70 च्या खाली गेली तर तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून लगेच द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, हे तिला पटेना. “मंग इतके दिवस मी तिच्यापुढचं श्रीखंड उचलून ठेवत होते ते?” गाडीनं पूर्णा सोडल्यापासून हा वाद सुरू होता. नांदेड गेलं, बासरला गोदावरीच्या पुलावर नाणी टाकून झाली, तरी आजीचं समाधान नाही. शेवटी मनूनंच सांगितलं, “आज्जी, मी गप्प झाले नाहीतर उगीच चिडले, की आधी ग्लुकोज दे. भांडण नंतर.” हे आजीला एकदम पटलं.

पार्कात आम्ही मुद्दाम मधल्या वारी गेलो. शनिवार-रविवारची गर्दी टाळली म्हणजे रांग निम्मी टाळली. बाहेरचं खाणं आत न्यायला अशा ठिकाणी बहुधा मनाई असते, म्हणून आधीच मेल करून विचारलं होतं. गेटवर चिठ्ठी आणि पिशवी दाखवली आणि आत गेलो.

रिकॉइल नावाचं रोलर कोस्टर आहे, पुढं नेतं, उलटं करतं आणि मग तसंच मागं आणतं. फलकावर हृदयविकार, पाठीचं दुखणं, गर्भारपण असल्यांना मनाई. मनूच्या दंडावर साखर मोजणारा, 14 दिवस चालणारा सेन्सर या सहलीसाठी म्हणून लावला होता. रोज परवडणारी ती गोष्ट नाही. रांगेच्या मध्यावर सेन्सरला फोन टेकवून पाहिला तर 104 आणि बाण खाली, म्हणजे साखर उतरतेय. सेन्सर रक्ताच्या काही मिनिटं मागं असतो, म्हणजे खरा आकडा याहून कमी असणार. तिथंच उभ्या-उभ्या तिनं ग्लुकोजचं पाणी घेतलं, वर बिस्किटं खाल्ली. मागच्या पोरांना दोन वेळा पुढं जाऊ दिलं. 120 ओलांडल्यावरच बसली. तोंड वाकडं करून, पण बसली.

उतरल्यावर बघितलं तर 216. भीतीनं ॲड्रेनॅलिन उसळतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. अशा वेळी डोस द्यायला हात शिवशिवतात. आम्ही दिला नाही. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की ही चढलेली साखर चालण्यानं आपोआप उतरते. तासाभरात उतरलीही.

पाण्याचं प्रकरण मला राइड्सपेक्षा अवघड वाटलं. साखर उतरल्याच्या खुणा म्हणजे घाम, थरथर, गारठलेले हात. लाटांच्या तळ्यात घाम दिसणार कसा, आणि थरथर तर थंड पाण्यानंही होते. सेन्सर 1 मीटर खोलीपर्यंत 30 मिनिटं पाणी सोसतो, त्यावर जास्तीची पट्टी लावली होती, पण फोन घेऊन तळ्यात कोण उतरणार? म्हणून अर्धा तास झाला की बाहेर, टॉवेल, तपासणी, मग परत पाणी. पाण्यानं सुरकुतलेल्या बोटातून थेंब नीट येत नाही, ओलं बोट असेल तर पसरतो. बोट कोरडं करून हात खाली सोडून थोडा वेळ थांबलं की येतो. एकदा ती बाहेर येऊन माझ्यावरच खेकसली, “सारखं काय गं आई!” आजी पिशवीसह उठली, ग्लास तिच्या हातात, आणि मनू काही बोलायच्या आत अर्धा संपलेलाही. तपासलं, 66. आजी जी काही मिरवली त्या दिवशी! आल्या-गेल्या बाईला सांगत होती.

खरी परीक्षा रात्री. दिवसभर दमलेले स्नायू रात्रभर रक्तातली साखर ओढून आपली साठवण भरत राहतात, त्यामुळं लेकरू शांत झोपलेलं असताना साखर खाली जाऊ शकते. डॉक्टरांनी रात्रीचा डोसही थोडा कमी केला होता. लॉजवर मी रात्री तीनचा गजर लावला. 81 निघाली. झोपेतच दूध आणि दोन बिस्किटं पोटात गेली. सकाळी तिला त्यातलं काही आठवत नव्हतं.

वापरलेल्या सुया रिकाम्या, जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत टोपण लावून परत आणल्या. लॉजच्या कचऱ्यात टाकल्या तर सफाईवाल्या बाईच्या हाताला लागणार. आता मनूला खोपोलीचं इमॅजिका थीम पार्क खुणावतंय. जूनमध्येच जाऊ म्हणते. मी नाही म्हणाले. कोकणाच्या तोंडावरची ती पावसाळी दमट हवा, तिथं पाऊचमधलं पाणी उडणारच नाही तर पेन थंड राहणार कसं? डिसेंबरात बघू. आजीनं मात्र तिचं तिकीट आत्ताच काढायला सांगितलंय.