पोर्तुगाल : देश घडला तसाच, उत्तरेकडून

स्पेनच्या सहलीला शेवटी लिस्बनचे दोन दिवस जोडायचे, अशी आपल्याकडे पद्धत आहे. त्यात लिस्बनची पिवळी ट्राम बघून होते आणि पोर्तुगाल राहून जातो. आमचं म्हणणं, विमानाने उत्तरेतल्या पोर्तो शहरात उतरावं आणि तिथून दक्षिणेकडे यावं. हे राज्य उत्तरेत जन्मलं आणि सव्वाशे वर्षांत खाली सरकत दक्षिण किनाऱ्याला जाऊन भिडलं. त्याच वाटेने गेलं की कोणत्या गावात काय आणि का, ते फारसं समजावून घ्यावं लागत नाही. देशाचा आकार ९२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. वस्ती एक कोटीच्या थोडी वर. दहा दिवस पुरतात, सातांत ओढाताण होते.

पोर्तोहून लोकल गाडीने सव्वा तासावर गिमाराइश आहे. इथल्या तटावर ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘इथे पोर्तुगाल जन्मला’. ११२८ मध्ये अफोन्सो एन्रिकेश या तरुणाने इथे चक्क आईच्या फौजेशी लढाई केली आणि जिंकली, कारण तिचा ओढा शेजारच्या गालिसियाच्या सरदारांकडे होता. ११४३ मध्ये शेजारच्या लेओन राज्याच्या राजाने त्याला राजा म्हणून मान्यता दिली. ११४७ मध्ये त्याने मूरांकडून, म्हणजे तिथल्या मुस्लिम सत्ताधाऱ्यांकडून, लिस्बन घेतलं, आणि १२४९ मध्ये त्याच्या वंशजांनी दक्षिण किनाऱ्याचा अल्गार्व्ह प्रांत. १२९७ च्या तहात स्पेनच्या बाजूची हद्द ठरली, ती आजतागायत फारशी हललेली नाही. युरोपच्या नकाशाची इतकी फाडाफाड झाली, पण ही रेघ टिकली.

उत्तर म्हणजे ग्रॅनाइट, भरपूर पाऊस, शेतीचे लहान लहान तुकडे. इथली दौरो नदी बघायची ती रेल्वेगाडीतूनच. पोर्तोहून पोसिन्योला जाणाऱ्या गाडीत जाताना उजवीकडची खिडकी धरा, नदी त्याच बाजूला येते. डावीकडे बसलात तर टेकडीचा कातळ बघत जाल. तुआच्या पुढे गाडी पूल ओलांडून पलीकडे जाते, मग नदी डाव्या हाताला. बहुतेकांना पिन्यांवपर्यंत गेलं तरी पुरे. उतारावर पाटीच्या दगडाच्या पायऱ्या रचून द्राक्षमळे केलेत. १७५६ मध्ये सरकारने या मळ्यांची हद्द आखून दिली. पोर्ट वाइन गोड का, तर रस आंबत असतानाच त्यात ७७ टक्के अल्कोहोलचा द्राक्षार्क घालतात. आंबणं थांबतं आणि उरलेली साखर तशीच राहते. ग्लास लहान असतो म्हणून फसू नका.

पोर्तो-लिस्बन प्रवासाला आल्फा पेंदुलार ही जलद गाडी साधारण तीन तास घेते. लवकर काढलं तर तिकीट निम्म्याच्या आसपास मिळतं, आयत्या वेळी पूर्ण दर. गाडी सुटते कांपान्यांवरून. निळ्या फरशीचित्रांसाठी प्रसिद्ध असलेलं साओ बेन्तो स्टेशन वेगळं, तिथून फक्त जवळपासच्या गाड्या. सामान घेऊन तिथे जाऊन उभे राहणारे रोज दिसतात. वाटेत कोइंब्राला उतरायचं असेल तर तेच. जलद गाड्या कोइंब्रा-बी या गावाबाहेरच्या स्टेशनावर थांबतात. १२९० मध्ये स्थापन झालेलं विद्यापीठ टेकडीच्या माथ्यावर आहे.

जेवणाबद्दल दोन गोष्टी आधीच माहीत हव्यात. बसल्याबरोबर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत द्या, बिलात लागत नाही. दुसरं शाकाहाऱ्यांसाठी. ‘काल्दू व्हेर्द’ हे बटाटा आणि हिरव्या पाल्याचं सूप निरुपद्रवी दिसतं, पण वाटीत डुकराच्या सॉसेजची चकती असते. ‘सें शोरीसू’, म्हणजे सॉसेज नको, म्हणावं, म्हणजे चकती निघते. तरी रस्सा मांसाचा नाही ना, ते विचारावंच. ‘सें कार्न’, म्हणजे मांस नको, एवढंच म्हटलंत तर मासे येतील, कारण मासा त्यांच्या हिशेबात मांस नाही. राष्ट्रीय मासा ‘बाकल्याव’, म्हणजे खारवून सुकवलेला कॉड. गंमत अशी की कॉड पोर्तुगालच्या पाण्यात मिळतच नाही, तो उत्तर अटलांटिकमधून येतो. शिजवण्याआधी दिवस-दीड दिवस पाणी बदलत भिजवावा लागतो, आणि त्यात घाई झाली तर खारटपणा जिभेवर बसतो.

लिस्बनमध्ये मेट्रोचं नावेगान्त कार्ड माणशी एक लागतं. एका कार्डावर दोघांना जाता येत नाही, आणि बाहेर पडतानाही ते लावावं लागतं, म्हणून खिशातच ठेवा. ‘झॅपिंग’ म्हणजे पैसे भरून ठेवलेलं कार्ड असेल तर त्याच कार्डावर दिवसाचा पास चढत नाही. २८ नंबरच्या ट्रामचं कौतुक ठीक, पण पाकीटमारांनाही ती तितकीच आवडते.

शहर समजून घ्यायला कार्मू चौकाइतकी सोयीची जागा नाही. सान्ता जुश्ता लिफ्टच्या रांगेत तासभर घालवण्यापेक्षा मेट्रोच्या शियादू बाजूच्या दारातून बाहेर पडून चालत जा. चौकात छप्पर नसलेलं चर्च उभं आहे. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळी चर्चं भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप झाला. लोक मोकळ्या जागेसाठी नदीकाठी धावले, तिथे त्सुनामी आली. मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लागलेली आग कित्येक दिवस धुमसली. मग मंत्री पोंबालने खालचा सगळा भाग सरळ रेषांत नव्याने बांधला, आणि भिंतींच्या आत लाकडाचा पिंजरा घातला, म्हणजे हादऱ्यात घर लवेल पण कोसळणार नाही.

त्याच चौकातल्या सैनिकी ठाण्यात २५ एप्रिल १९७४ ला, लष्कराने उठाव केल्यावर, पंतप्रधान काएतानू लपला आणि शरण आला. सालाझारने उभारलेली हुकूमशाही संपली. आपल्या दृष्टीने हा दिवस महत्त्वाचा आहे. भारताने १९६१ मध्ये गोवा मुक्त केला, तरी लिस्बन ते मान्य करायला तयार नव्हतं. हुकूमशाही गेली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस करार होऊन मान्यता मिळाली. पुढे मडगावशी नातं असलेल्या घरातले आंतोनियो कोश्ता २०१५ ते २०२४ पंतप्रधान होते. वास्को द गामाची कबर लिस्बनच्याच बेलें भागातल्या जेरोनिमुश मठात आहे. सोमवारी मठ बंद असतो. कबरीवरचं कोरीव काम देखणं आहे. वसईचा पडका किल्ला बघितलेल्या माणसाला तिथे जरा जास्तच वेळ थांबावंसं वाटेल.

तेजो नदी ओलांडली की देश बदलतो. अलेंतेजो म्हणजेच ‘तेजोपलीकडचा’ मुलूख. सपाट, कोरडा, उन्हाळ्यात चाळिशी गाठणारा. जगातलं निम्म्याच्या आसपास बूच या देशातून येतं, त्यातलं बरंच इथलं. बुचाच्या ओकची साल पहिल्यांदा काढायला झाड पंचवीसेक वर्षांचं व्हावं लागतं. त्यानंतर दर ९ वर्षांनी. पहिल्या दोन खेपांची साल खडबडीत, ती फरशी आणि भिंतींच्या अस्तरात जाते. बाटलीला लागणारं बूच तिसऱ्या खेपेचं, म्हणजे झाड चाळिशी ओलांडल्यावर. लावणारा ते नातवासाठी लावतो. सोललेलं खोड लालसर दिसतं आणि त्यावर पांढरा आकडा रंगवलेला असतो. तो साल काढल्याच्या वर्षाचा शेवटचा अंक. ४ दिसला तर ते झाड २०२४ मध्ये सोललेलं, आता २०३३ शिवाय त्याला कुऱ्हाड लागणार नाही. सोलणी मे ते ऑगस्ट. कुऱ्हाडीचा घाव आतल्या थरात गेला तर पुढची साल नीट येत नाही, म्हणून हे काम कसबी लोकांकडेच असतं आणि मजुरीही चांगली मिळते. मुक्कामाला एव्होरा बरं. रोमन देऊळ, हाडांनी मढवलेलं प्रार्थनाघर, दोन्ही चालत.

शेवटी अल्गार्व्ह. पिवळ्या कड्यांखालचे किनारे चित्रांत दिसतात तसेच आहेत, पाणी मात्र अटलांटिकचं, ऑगस्टमध्येही गार. लाल बावटा असेल तर पाण्यात उतरायचं नाही, पिवळा असेल तर पोहायचं नाही. कड्याच्या सावलीत टॉवेल अंथरायचा मोह सगळ्यांना होतो. तो कडा चुनखडीचा, पावसाने आणि लाटांनी आतून पोखरलेला असतो आणि न सांगता ढासळतो. २००९ च्या ऑगस्टमध्ये मारिया लुईझा किनाऱ्यावर असाच ढिगारा कोसळून पाच जण गेले. धोक्याच्या पाट्या लावलेल्या असतात. कडा जितका उंच, त्याच्या दीडपट अंतर ठेवून बसा, आणि सावली हवी असेल तर छत्री भाड्याने घ्या.