हरलेल्या मुलाची वही

"काय सुंदर क्लू होता ना तो!" आपल्याआधी बझर दाबणाऱ्या मुलीला हा मुलगा म्हणाला आणि उत्तर वहीत टिपून घेतलं. मी समोर बसून गुण मांडत होते.

एसीएफ रीजनल्स, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांची क्विझ बोल स्पर्धा. रिकामे वर्ग, टेबलावर बझरच्या वायरी, प्रेक्षक जवळजवळ नाहीतच. बक्षीस म्हणून पुस्तकं.

प्रश्न परिच्छेदाएवढा. आधी अवघड क्लू, मग सोपे. गणितज्ञ रामानुजनवर प्रश्न असेल तर सुरुवात फक्त जाणकारांना ठाऊक असलेल्या त्यांच्या मॉक थीटा फंक्शन्सने होणार आणि टॅक्सीच्या नंबरामुळे प्रसिद्ध झालेला 1729 अगदी शेवटी. मध्येच ओळखलं तर दाबायचं. बरोबर आलं की 10 गुण, घाई नडली तर 5 वजा. त्यामुळे ज्याचं वाचन खोल, तोच आधी बोलतो. मला ही रचना फार न्याय्य वाटते.

वरच्या टीमना इथून नॅशनल्सचं, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेचं दार उघडतं. या मुलाची टीम तळाला होती. जेवणाच्या सुट्टीत विचारलं, मग एवढ्या थंडीत गाडी हाकत का येता? म्हणाला, "पुढचं वर्षभर काय वाचायचं ते मला इथे कळतं."

वहीत उत्तरांपुढे चौकोन काढलेले. वाचून झालं की टिक.

आमच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत शील्ड कुणी नेली ते सगळ्यांना पाठ असायचं. हुकलेले प्रश्न घरी नेणारं तुमच्या कॉलेजात कुणी होतं का? असेल तर त्यांच्याबद्दल लिहा, मला खरंच वाचायचंय.