गळ्याची पट्टी

शनिवार, रात्री साडेदहा

उद्या संडे स्कूलमध्ये मुलांना अहरोनाच्या, म्हणजे इस्राएली लोकांचा पुढारी मोशे याचा भाऊ आणि त्यांचा पहिला महायाजक याच्या, वस्त्रांचा पाठ द्यायचा आहे, म्हणून संध्याकाळी मशीन आवरून बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा 28 वा अध्याय काढला. लहानपणापासून ऐकलेला. आज मात्र बत्तिसाव्या वचनापाशी अडले. महायाजकाच्या निळ्या झग्याला मधोमध डोके घालायला भोक ठेवायचे आणि त्याच्या काठाला चिलखताच्या गळ्यासारखी विणलेली पट्टी लावायची, तो फाटू नये म्हणून.

सोन्यारत्नांच्या त्या वर्णनात गळ्याची पट्टी! कपडा आधी फाटतो तो तिथेच. आईने मला शिवण शिकवताना पहिल्या दिवशी हेच सांगितले होते, "बाकी काही चुकले तर उसवता येईल, गळा सांभाळ."

मग सगळा अध्याय मी शिवणाऱ्या बाईच्या नजरेने वाचला. एफोदासाठी, म्हणजे महायाजक झग्यावर घालायचा त्या खांदपट्ट्यांच्या वस्त्रासाठी, सोन्याचा पत्रा ठोकून त्याच्या तारा कापल्या आणि निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुताबरोबर विणल्या. आपली जरच की ती! किरमिजी रंग किड्यांपासून यायचा, जांभळा समुद्रातल्या शंखांच्या गोगलगायींपासून. तलम कापड जवसाच्या झाडाच्या धाग्याचे. लोकर आणि हे सूत एकत्र केलेला कपडा इतरांना नियमशास्त्राने मना होता. याजकाच्या वस्त्रात मात्र, यहुदी परंपरा सांगते, रंगीत लोकर आणि तलम सूत एकत्र यायचे. बसालेल आणि अहलियाब या कारागिरांची नावे लिहून ठेवली आहेत, याचे मला फार समाधान वाटते. शिवणाऱ्याचे नाव एरवी कोण ठेवते?

ऊरपट, म्हणजे छातीवर बांधायचा चौकोनी तुकडा, एक वीत लांब, एक वीत रुंद, दुहेरी दुमडलेला. आत उरीम व थुम्मीम, म्हणजे देवाचा कौल घ्यायच्या वस्तू, ठेवायच्या, वर तीन-तीनच्या चार ओळींत बारा रत्ने, प्रत्येकावर इस्राएलाच्या एका वंशाचे नाव. आणि खांद्यांवरच्या दोन गोमेद मण्यांवर तीच बारा नावे पुन्हा, सहा इकडे, सहा तिकडे. एकदा लिहून भागले असते. पण ओझे माणूस खांद्यावर घेतो आणि माया उरात ठेवतो. पवित्रस्थानात, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूत, सगळ्यांना जाता येत नव्हते. जो जात होता त्याने सगळ्यांना अंगावर घेऊन जायचे होते. झग्याच्या घेराला सोन्याची घुंगरे आणि मधे मधे सुताची डाळिंबे होती, तो आत जाताना नाद ऐकू यावा म्हणून. मुलांना हेच आवडेल, मला ठाऊक आहे.

बायबलमधल्याच लेवीय या पुस्तकाचा 16 वा अध्याय काढला तेव्हा हात थबकला. प्रायश्चित्ताच्या दिवशी, वर्षातल्या सर्वांत पवित्र दिवशी, परमपवित्रस्थानात, म्हणजे पवित्रस्थानाच्या सर्वांत आतल्या भागात, जाताना ही सोन्याची वस्त्रे घालायची नाहीत. साधा अंगरखा, चोळणा, कमरबंद, मंदील, सगळे साध्या तलम कापडाचे. रत्ने नाहीत, घुंगरे नाहीत. बारा नावे त्या दिवशी कुठे असतील? मला वाटते, तोवर ती आत उतरलेली असावीत, अशीच अपेक्षा होती. मुलांपुढे हे कसे मांडू, अजून सुचलेले नाही.

अहरोन होर डोंगरावर गेला तेव्हा मोशेने त्याची वस्त्रे उतरवून त्याचा मुलगा एलाजार याला घातली. मग अहरोन तिथेच वारला. हे उद्या सांगणार नाही, मुले लहान आहेत.

पण मिश्ना या यहुदी नियमांच्या जुन्या ग्रंथातली एक गोष्ट नक्की सांगेन. यरुशलेमेच्या मंदिरात याजकांचे चोळणे आणि कमरबंद जुने झाले, की त्यांच्या चिंध्या फाडून वाती करत. मांडवांच्या सणात स्त्रियांच्या अंगणातले मोठे दिवे त्या वातींनी पेटत, आणि त्या उजेडात लोक रात्रभर नाचत. मशीनखालच्या टोपलीतले उरलेले सुती तुकडे मी आताच पिशवीत भरून ठेवलेत. उद्या वाती वळायला मुलांच्या हाती देईन.