टॉर्च कोरलला ब्राउन जेली झाली तेव्हा: माझा अनुभव

प्रवाळाचे बरेचसे आजार सावकाश येतात. कडेचा रंग उतरतो, मांस थोडं थोडं मागे सरकतं, आपल्याला विचार करायला वेळ मिळतो. ब्राउन जेली असा वेळ देत नाही. सकाळी टॉर्च कोरलचं, म्हणजे लांब शुंडांच्या एका कठीण प्रवाळाचं, एक डोकं (फांदीच्या टोकावरचा मांसल भाग) जरा आक्रसलेलं दिसतं आणि संध्याकाळी तिथे नुसता पांढरा सांगाडा असतो.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. घरात खाऱ्या पाण्याचा मध्यम आकाराचा टँक आहे आणि त्यातली टॉर्च मी दोन डोक्यांच्या एका फ्रॅगपासून, म्हणजे मोठ्या प्रवाळाच्या कापलेल्या तुकड्यापासून, वाढवलेली. भारतात असते तर हे करताच आलं नसतं. तिथे सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि ते योग्यच आहे असं मला मनापासून वाटतं. इथेही मी समुद्रातून तोडून आणलेलं काही घेत नाही, कुणाच्या तरी टँकमध्ये वाढलेले फ्रॅगच घेते.

जुलैतल्या उष्णतेच्या लाटेत घराचा एसी बंद पडला. एरवी २५-२६ अंश सेल्सियसवर असणारं पाणी २९ च्या वर गेलं. मासे तगले, झोअँथिड्सना (सांगाडा नसलेल्या मऊ, फुलासारख्या जीवांना) काही झालं नाही. पण एसी दुरुस्त होऊन पाणी पूर्ववत झाल्यावर थोड्याच दिवसांत मुलगा म्हणाला, "आई, टॉर्चला काहीतरी चिकटलंय बघ." एका डोक्याच्या शुंडा मिटल्या होत्या आणि त्यावरून तपकिरी, चिकट थर लोंबत होता. पंपाच्या प्रवाहात त्याचे तुकडे सुटून शेजारच्या डोक्यांवर जात होते.

आधी सगळे पंप बंद केले. हे सर्वांत महत्त्वाचं, कारण वाहतं पाणीच हा थर टँकभर पसरवतं. मग बारीक नळीने वरची जेली ओढून घेतली, ते पाणी थेट बादलीत. नंतर प्लास्टिकचा मोठा डबा पाण्यात बुडवून टॉर्च पाण्यासकट त्यात घेतली, म्हणजे उचलताना काही सांडायला नको. बाहेर काढल्यावर वास आला तो सडलेल्या मांसाचा. तो एकदा आला की रोगाबद्दल शंका उरत नाही.

त्या जेलीचा एक थेंब मुलाच्या मायक्रोस्कोपखाली ठेवला. लांबुळके, केसाळ कडांचे एकपेशीय जीव इकडून तिकडे धावत होते आणि त्यांच्या पोटात सोनेरी-तपकिरी गोळे भरलेले होते. ते गोळे म्हणजे झुझान्थेली, प्रवाळाच्या मांसात राहून त्याला अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवालं. हे केसाळ कडांचे जीव, म्हणजे सिलिएट, मांस खाताना ती गिळतात, जेलीचा रंग येतो तो यातूनच. सुरुवात तेच करतात की आधी जिवाणू मांस पोखरतात आणि हे मागून येतात, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मांसाला जखम झालेली असली किंवा उष्म्याने प्रवाळ थकलेलं असलं की दोघांचंही फावतं.

औषधापेक्षा कात्रीवर माझा जास्त भरवसा बसला, आणि त्याला टॉर्चची रचना कारण आहे. वाढलेल्या टॉर्चमध्ये प्रत्येक डोकं वेगळ्या फांदीवर असतं, मधला सांगाडा मेलेला असतो, दोन डोक्यांचं मांस एकमेकांना जोडलेलं नसतं. त्यामुळे आजारी फांदी कापून बाजूला करता येते. वॉल हॅमर हे टॉर्चच्या जवळचं, भिंतीसारखं वाढणारं प्रवाळ असतं तर मांसाची पट्टी सलग असते, तिथे कापलं तर जिवंत मांसच फाटतं. चष्मा आणि हातमोजे घालून मी हाडं कापायच्या कटरने मांसाच्या बरंच खाली, मेलेल्या सांगाड्यावर काप दिला. नवऱ्याने दुसऱ्या बाजूने फांदी धरली होती. कट्‌ असा आवाज झाला आणि सांगाडा स्वच्छ तुटला. शेजारच्या एका डोक्याच्या कडेलाही तपकिरी डाग दिसला, तेही कापलं.

उरलेल्या डोक्यांना आयोडीनचा डिप दिला, म्हणजे औषधी पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवलं: टँकचंच पाणी, त्यात कोऱ्या चहाचा रंग येईल इतकं लुगोल्स हे आयोडीनचं द्रावण, आणि दहा-पंधरा मिनिटं ड्रॉपरने हलकेच फवारे. मग स्वच्छ खाऱ्या पाण्यात धुऊन त्यांना हॉस्पिटल टँकमध्ये ठेवलं. हीटर, छोटा पंप, मंद प्रकाश, बाकी काही नाही. मुख्य टँकचं पाणी थोडं बदललं आणि पाणी शुद्ध करायला ॲक्टिव्हेटेड कार्बन लावला. क्षारता ८.५ डीकेएच (ती मोजायचं एकक) होती, तिला हात लावला नाही. आजारी प्रवाळाला आकड्यांची चढउतार सोसत नाही.

अँटिबायोटिक का नाही, असं ओळखीच्या एकाने विचारलं. फ्लोरिडात २०१४ मध्ये मायामीजवळ कठीण प्रवाळांचं मांस गळून पडणारा रोग आढळला आणि पुढे कॅरिबियनभर पसरला. तिथे शास्त्रज्ञ पाणबुडे अमॉक्सिसिलिन मिसळलेला लेप थेट जखमेच्या कडेवर लावतात. तिथली जखम थांबते, पण त्याच प्रवाळावर नवी जखम होणार नाही याची हमी तो लेप देत नाही. शेकडो वर्षं वयाचं, उचलून नेता न येणारं प्रवाळ वाचवायला ते करणं मला पूर्ण पटतं. पण घरच्या टँकमध्ये रोगजंतू कोणता हेच ठाऊक नसताना माणसांच्या उपयोगाचं औषध पाण्यात ओतून ते मोरीत सोडणं मला पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आणखी एक डोकं गेलं. तिथेही वासावरूनच कळलं, आणि लगेच कापलं. त्यानंतर जेली दिसली नाही. बाकीच्या डोक्यांनी आधी दिवसा थोड्या, मग पुऱ्या शुंडा काढल्या; बारीक चिरलेली कोळंबी दिली तर ओढून घेऊ लागली. काही आठवडे थांबून, काप दिलेल्या टोकांवर डाग नाही हे बघून, त्यांना जेल सुपरग्लूने प्लगवर, म्हणजे फ्रॅग बसवायच्या छोट्या चकतीवर, चिकटवलं आणि मुख्य टँकमध्ये एकमेकांपासून हातभर अंतरावर ठेवलं. आता एकाच दगडावर सगळी टॉर्च मी ठेवत नाही, आणि टँकवर थर्मोस्टॅटला जोडलेला पंखा बसवला आहे. तो पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालतो आणि बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. तेवढंच गोडं पाणी रोज वरून घालावं लागतं, नाहीतर खारटपणा वाढतो.