मुंग्या थांबल्या म्हणून

सोलापुरातल्या एका भाकरी केंद्रावर काम करणाऱ्या मावशी ओपीडीत आल्या त्या भाजल्यामुळे. उजव्या हाताच्या तर्जनीवर आणि मधल्या बोटावर टोकाशी मोठे फोड होते. तव्यावरची भाकरी हाताने उलटताना बोटं तव्याला टेकली, आणि कातडी करपल्याचा वास येईपर्यंत त्यांना काही कळलं नाही.

"रात्री मुंग्या यायच्या का?"

"लई यायच्या. उठून हात झटकत बसायची. आता सहा महिनं झालं, बंदच झाल्यात. बरं हाय की मग."

काळजी वाटावी ती याच वाक्याची. मज्जातंतू दबला की आधी तक्रार करतो: मुंग्या, रात्रीची ठसठस, हात झटकल्यावर आराम. दाब तसाच राहिला, तर पुढे तक्रार करण्याइतकाही जीव त्यात उरत नाही. दुखणं थांबतं, आणि पेशंटला वाटतं की आपण बरे झालो.

मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूला हाडांची खोलगट जागा असते आणि तिच्यावर जाड, न ताणणारी आडवी पट्टी. या बोगद्यातून बोटं मिटणाऱ्या नऊ कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या, जातात आणि त्यांच्यासोबत मीडियन नर्व्ह: अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अर्ध्या अनामिकेला संवेदना देणारा मज्जातंतू. कंडरांवरचं आवरण सुजलं की जागा कमी पडते, आणि चेंगरते ती नर्व्ह. हाच कार्पल टनेल सिंड्रोम. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, गरोदरपण, संधिवात यांत हे जास्त दिसतं. मावशींना मधुमेह होता, आणि वर रोजचं पीठ मळणं, भाकरी थापणं.

त्यांना आधी मानेचा पट्टा मिळाला होता. हात बधिर म्हटलं की मानेचा एक्स-रे निघतो, आणि पन्नाशीनंतरच्या मानेत मणके झिजलेले दिसतातच. म्हणून हात नीट तपासायला हवा. टाचणीने हलकं टोचत गेलो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर. अनामिकेची मधल्या बोटाकडची बाजू बधिर आणि करंगळीकडची बाजू चांगली, म्हणजे एकाच बोटाचे दोन भाग. मानेतली नस दबल्यावर बोट असं सहसा दुभागत नाही. करंगळी शाबूत, म्हणून हा नुसता मधुमेहाचा बधिरपणाही नव्हे. अंगठ्याच्या मुळाशी तळहातावर मात्र संवेदना होती, कारण तिथली शाखा मनगटाच्या आधीच फुटते आणि बोगद्याच्या वरून जाते.

मग दोन्ही मनगटं खाली वाकवून धरायला सांगितली. ही चाचणी एक मिनिटाची. डाव्या हाताला वीस सेकंदांत मुंग्या आल्या, उजव्याला काहीच नाही. चाचणी 'निगेटिव्ह' आलेला हातच जास्त खराब होता. तळहात वर करून अंगठा छताकडे उचला म्हटलं, तर उजवा अंगठा माझ्या एका बोटाचा दाबही पेलेना. त्याच्या मुळाशी जिथे मांसल उंचवटा असतो, तिथे खड्डा पडला होता. नर्व्ह कंडक्शन तपासणीत डाव्या हातात संदेश उशिरा पोहोचत होता; उजव्या बोटांतून संवेदनेचा संदेश उमटलाच नाही.

म्हणून दोन हातांना दोन उपचार. डाव्याला रात्रीचा स्प्लिंट, म्हणजे मनगट स्थिर धरणारा पट्टा, आधी सहा आठवडे. तयार स्प्लिंटमधली धातूची पट्टी बऱ्याचदा मनगट मागे वाकवणारी असते; ती काढून सरळ करावी लागते, कारण मनगट सरळ असताना बोगद्यातला दाब सर्वांत कमी असतो. त्याने भागलं नाही तर स्टिरॉइडचं एक इंजेक्शन, पण मधुमेहात त्यानंतर काही दिवस साखर चढते, हे आधी सांगायला हवं.

उजव्याला शस्त्रक्रियाच. फोड भरून साखर ताब्यात येईपर्यंत थांबलो, कारण जखम चिघळण्याचा धोका नको होता. फक्त हात बधिर केला: बधिर करणाऱ्या लिग्नोकेनमध्ये रक्तवाहिन्या आकसवणारं अॅड्रेनलिन, आणि मग अर्धा तास वाट बघणं. इथे घाई केली की रक्त येत राहतं आणि नीट दिसत नाही. अनामिकेच्या रेषेत तीन सेंटिमीटरचा छेद. पट्टी करंगळीच्या अंगाने कापायची, म्हणजे अंगठ्याच्या स्नायूला जाणारी शाखा वाचते. पुढे चरबी दिसेपर्यंत कापायचं आणि मागे मनगटाच्या घडीपलीकडेही. शस्त्रक्रियेनंतरही मुंग्या तशाच राहण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पट्टीचा थोडा भाग कापायचा राहून जाणं. नर्व्ह डमरूसारखी मध्येच बारीक झाली होती. पट्टी शिवत नाहीत, फक्त कातडी शिवतात.

बोटं त्याच दिवसापासून पूर्ण उघडायची आणि मिटायची, नाहीतर कंडरा चिकटतात. दोन दिवस हात छातीच्या वर. मधुमेह असल्याने टाके चौदाव्या दिवशी काढले. जखम पूर्ण भरल्यावर खोबरेल तेलाने व्रणावर गोल, दाबून मसाज, दिवसातून तीनचार वेळा.

महिन्याने त्या घाबरून आल्या. तळहाताच्या टाचेशी दोन्ही बाजूंना दुखत होतं. हे अपेक्षित असतं. पट्टी सुटल्यावर तिथल्या हाडांवरचा भार बदलतो, आणि हे दुखणं तीन, कधी सहा महिन्यांत ओसरतं. भाकरी नेमकी याच भागाने थापली जाते, म्हणून काम तीन महिन्यांनी सुरू करायला सांगितलं, तेही आधी मळण्यापासून. भाकरी उलटायची ती उलथन्यानेच, आणि पाणी गरम आहे का हे डाव्या हाताच्या कोपराने बघायचं.

नर्व्ह पुन्हा वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत सतरा-अठरा सेंटिमीटर, म्हणजे सहा महिने तरी. मधे तीच जुनी मुंग्यांची टोचणी परत आली, तेव्हा त्यांना वाटलं आजार उलटला. मला तो दिवस आनंदाचा होता. वर्षाने चटका कळू लागला, सुई चिमटीत धरता येऊ लागली. अंगठ्याचा खड्डा मात्र भरला नाही, आणि तो भरेल असं मी सांगितलंही नव्हतं. अंगठा समोर आणायला फारच अडलं, तर मनगटाची एक कंडरा तिकडे वळवता येते. त्यांना ती गरज वाटली नाही.

डावा हात अजून स्प्लिंटवर आहे. दर तीन महिन्यांनी तो अंगठा छताकडे उचलून बघतो. जोर कमी झालेला दिसला, तर मुंग्या येत असोत वा नसोत, त्याचीही शस्त्रक्रिया करायची, हे आमचं ठरलेलं आहे.